पाणपक्ष्यांचीं घरटीं आणि कॅमेऱ्याचा डोळा

मृगाचा पाऊस पडून ओहळ वाहूं लागले म्हणजे माणसें घरांत शिरतात आणि पाण्याकांठचे पक्षी संसार थाटावयास बाहेर पडतात. ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या नजरेंतून सुटलेली नव्हती. मेघदूतांत मेघाच्या सोबतीस बलाकांच्या माळा येतात, आणि त्यांच्या गर्भधारणेचा काळ कालिदासानें मेघाच्या आगमनाशीं जोडला आहे. वर्गांत हा बहुधा कविसंकेत म्हणून सांगण्यांत येतो. परंतु गायबगळे, लहान बगळे, वंचक, रातबगळे यांची वीण आपल्या प्रांतीं खरोखरच पावसाच्या तोंडावर सुरू होते. त्या दिवसांत गायबगळ्याच्या डोक्यामानेवर केशरी झांक येते, वंचकाची मळकट पाठ गर्द किरमिजी होते, आणि एकाच चिंचेवर किंवा वडावर दाटीवाटीनें घरटीं पडतात. तेव्हां कवीनें हें पाहूनच लिहिलें, असें समजण्यास हरकत दिसत नाहीं. कारणही उघड आहे. बेडूक, किडे, लहान मासळी यांची या दिवसांत लयलूट असते, आणि तळ्यांतल्या घरट्याभोंवतीं पसरलेलें पाणी कोल्ह्यामुंगसांपासून खंदकासारखें रक्षण करतें.

हा खंदक मनुष्याला मात्र अडवीत नाहीं. पावसाळ्यांतील कोणत्याही रविवारीं एखाद्या नांवाजलेल्या तळ्याच्या कांठीं जावें, तर हातभर लांबीचीं भिंगें घेतलेली पांचदहा मंडळी तरी तेथें भेटतातच. हा छंद वाईट आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पत्ते कुटीत बसण्यापेक्षां तो शतपट बरा. छायाचित्र ‘टिपणें’ हा शब्दप्रयोग आतां मराठींत रूढ झाला आहे, व तो मोठा गमतीचा आहे. चिमणी दाणा टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई पदरानें लेकराचे डोळे टिपते, आणि नेमबाज सावज टिपतो. घरट्यावर बसलेल्या पक्ष्याचें छायाचित्र घेणारा यांपैकीं कोणत्या अर्थानें टिपतो, हें तो घरट्यापासून किती अंतरावर उभा आहे यावर ठरतें.

आमचें बहुतेक आयुष्य भंडारा जिल्ह्यांत गेलें. भंडारा आणि गोंदिया हा तलावांचा मुलूख. येथील जुने तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाच्या लोकांनीं दोन-अडीचशें वर्षांपूर्वीं धानशेतीसाठीं बांधले. १९५० सालीं मालगुजारी नष्ट करणारा कायदा झाला, तलाव सरकारकडे गेले, नांव तेवढें राहिलें. अशा तलावाची एक बाजू म्हणजे मातीची उंच पाळ. उरलेल्या बाजूंनीं पाणी हळूहळू उथळ होत जाऊन धानाच्या बांध्यांत मिसळतें. या उथळ भागांत कमळें, देवधान आणि ढिवर लोकांनीं लावलेला शिंगाडा अशी हिरवी दाटी असते, आणि पाणपक्ष्यांचें सूतिकागृह तेंच.

येथें हळदी-कुंकू नांवाचें बदक आहे. त्याच्या काळ्या चोंचीच्या टोकास हळद आणि मुळाशीं कुंकवाचे दोन ठिपके असतात. हें नांव एखाद्या गृहिणीनेंच ठेवलें असावें. जांभळी पाणकोंबडी आहे, अडई आहे. टिबुकली तर बाराही महिने असते. तिचें घरटें म्हणजे पाण्यावर तरंगणारा शेवाळाचा व पाणगवताचा ओला ढीग. एखाद्या देठाला अडकवून ठेवलेला. पण या सर्वांत डोळ्यांचें पारणें फेडणारा पक्षी म्हणजे कमळपक्षी. शरीर तित्तिराएवढें, पायांचीं बोटें मात्र इतकीं लांब कीं शरीराचा भार पसरून तो कमळाच्या पानावरून खुशाल चालत जातो. पावसाळ्यांत त्याला कोयत्यासारखी वांकलेली लांब काळी शेपटी फुटते, मानेमागें सोन्याचा पट्टा उमटतो, आणि पंख पांढरेशुभ्र असल्यामुळें उडाला म्हणजे कोणी रुमाल हालवीत आहे असें वाटतें. पावसाळा सरला कीं हा सगळा साज उतरतो.

या पक्ष्याचा प्रपंच आपल्या समजुतीच्या अगदीं उलटा आहे. मादी आकारानें मोठी आणि भांडखोर. ती एका नराच्या घरट्यांत चार अंडीं घालते आणि दुसऱ्या नराकडे जाते. एका हंगामांत अशा अनेक नरांचीं घरटीं ती भरते. अंडीं उबविणें, पिलें वाढविणें हें सारें बापाकडे. घरटें म्हणावें तर चार काड्या आणि पानें यांचा एक पातळ थर, कधीं कधीं नुसतें कमळाचें पानच. त्यावर तकतकीत, तपकिरी-काळपट अशीं, पितळेच्या जुन्या भोंवऱ्यासारखीं अंडीं. सुमारें सव्वीस दिवस बाप त्यांवर बसतो. पाणी चढलें किंवा घरटें बुडूं लागलें, तर चोंच आणि छाती यांच्यामध्यें अंडें धरून तो तें दुसऱ्या पानावर नेतो.

गेल्या श्रावणांत आमचा नातू पुण्याहून आला होता. त्याच्या जवळ उत्तम कॅमेरा आहे, आणि एका स्पर्धेसाठीं त्याला अंड्यांवर बसलेल्या कमळपक्ष्याचें छायाचित्र हवें होतें. तलावावरील एक वृद्ध ढिवर आमच्या फार दिवसांच्या परिचयाचा. त्याच्या सोबतीनें पाळीवर गेलों असतां नातू दुर्बिणींतून पाहून हर्षानें म्हणाला, “आजोबा, मादी अंड्यांवर बसली आहे!” म्हातारा हंसला. “ते माय नाही, बाबू. थो बाप आहे. माय गेली दुसऱ्या घरीं.” नातवाला हें पुस्तकांतून ठाऊक होतें, पण पाहिल्याबरोबर तोंडांतून ‘मादी’ हाच शब्द निघाला. आपल्या सर्वांचें असेंच होतें.

घरटें पाळीपासून साठ-सत्तर हात आंत होतें. नातवाचें म्हणणें असें कीं, डोंग्यांतून तीस हात पुढें गेल्यास अंडींसुद्धां स्पष्ट येतील. म्हाताऱ्यानें साफ नकार दिला. त्याचें कारण त्यानें जें सांगितलें, तें आम्ही जसेंच्या तसें देतों. दोन वर्षांपूर्वीं बाहेरगांवच्या चार हौशी गृहस्थांनीं त्याचाच डोंगा भाड्यानें घेतला होता. घरट्याभोंवतीं त्यांनीं डोंगा तीन वेळां फिरविला. पक्षी उठला तो दूर जाऊन मांजरासारखा ओरडत राहिला. बारीक पाऊस सुरू होता. अर्ध्या तासानें मंडळी समाधानानें परतली, आणि डोंगा कांठाला लागतो न लागतो तोंच पाळीवरच्या बाभळीवरून दोन कावळे उतरले. “पांचशें रुपये देल्ले त्यायनं,” म्हातारा म्हणाला. “चार अंड्यांचे पांचशें झाले जी, गुरुजी.”

यांत त्या गृहस्थांनीं हात कशालाही लावला नव्हता. घरट्यास हात न लावणें म्हणजे त्रास न देणें, ही समजूत फार पसरलेली आहे म्हणून थोडें विस्तारानें लिहितों. अंड्यांतील जिवाला ठराविक ऊब लागते. पावसांत बाप किंवा आई उठून गेली तर अंडीं भिजून गार पडतात. आणि भाद्रपदांत ढग फांकून ऊन पडलें म्हणजे तींच उघडीं अंडीं भाजून निघतात. अंगावर नुसती लव असलेलें नवजात पिलूं तर पावसांत भिजलें कीं लवकरच गारठतें. टिबुकलीची रीत अशी कीं, घरट्यावरून उतरतांना ती भराभर पाणगवत ओढून अंडीं झांकते; वरून पाहणाऱ्यास तेथें कुजक्या गवताचा ढीग दिसतो. परंतु मनुष्य एकाएकीं समोर आला तर तिला झांकण्यास अवसर मिळत नाहीं. तशींच पांढरीं, उघडीं अंडीं ठेवून ती पाण्यांत बुडी मारते, आणि घारीला किंवा कावळ्याला पत्ता आपोआप मिळतो. शिवाय तरंगतें घरटें पाण्याबरोबर वर चढतें हें खरें, पण डोंग्याची लाट त्यावरून जाते तेव्हां तो उपाय चालत नाहीं. हे पक्षी पावसाशीं झगडण्यास समर्थ आहेत. पाऊस आणि पाहुणे दोन्ही एकदम आले कीं त्यांचें बळ अपुरें पडतें.

नातू त्या दिवशीं रुसून बसला. स्पर्धेची मुदत जवळ आली होती, आणि आजोबा व ढिवर या दोन म्हाताऱ्यांनीं मिळून आपला बेत मोडला असें त्यास वाटलें. आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, डोंगा मिळणार नाहीं, पाळ मात्र पाहिजे तितके दिवस मिळेल. दुसऱ्या दिवशीं पहांटे तो आपण होऊन उठला.

पुढील चार सकाळीं जें केलें, तें ज्यांना हा छंद आहे त्यांच्या उपयोगाचें आहे. पाळीवरच्या पळसाच्या झुडपांमागें त्यानें बैठक केली. पहिल्या दिवशीं कॅमेरा काढलाच नाहीं. नुसता बसून राहिला. निळा चकाकणारा प्लास्टिकचा अंगरखा वाऱ्यानें खडखडतो, म्हणून तो घरीं ठेवून आमची जुनी घोंगडी पांघरली. उजाडण्यापूर्वीं जाऊन बसावें आणि पक्षी चरावयास उतरेल तेव्हांच उठावें, म्हणजे जाण्यायेण्याची हालचाल त्याच्या डोळ्यांवर येत नाहीं. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहूं लागला, सारखा ओरडूं लागला, किंवा घरट्याकडे येतां येतां पुन्हां पुन्हां वळूं लागला, तर आपण जवळ आलों आहों असें समजून मागें सरावें. मोजपट्टीचें अंतर येथें कामाचें नाहीं. अंतर पक्षी ठरवितो.

पावसाळी प्रकाशाविषयीं नवशिक्यांची तक्रार असते, ती निम्मी खरी आहे. ढगांमुळें प्रकाश मंद असतो, म्हणून कॅमेऱ्याची संवेदनक्षमता, ज्याला आयएसओ म्हणतात, ती १६०० किंवा त्याहून वर न्यावी लागते आणि चित्रांत थोडी रवाळी येते. पण हाच प्रकाश मऊ असतो. उन्हांत कमळपक्ष्याचे पांढरे पंख चुन्यासारखे सपाट येतात. ढगांखालीं त्यांतील एकेक पीस निराळें दिसतें. पावसाच्या धारा चित्रांत कशा दिसाव्या हें सुद्धां आपल्या हातीं आहे. सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ झडप उघडी ठेवली तर धारांच्या रेघा उमटतात. हजाराव्या भागाइतका ठेवला तर प्रत्येक थेंब मोत्यासारखा अधांतरीं थांबतो. नातवाला मोतीं हवे होते, आम्हांस रेघा आवडल्या. तिपाई हवीच, पण पाळीच्या ओल्या मातींत तिचे पाय रुततात, तेव्हां त्यांखालीं फरशीचे तुकडे ठेवावे.

कॅमेऱ्याच्या निगेचें महागडें सामान मिळतें, परंतु जाड प्लास्टिकची पिशवी आणि रबरी कडें यांनीं बरेंच काम भागतें. वातानुकूलित मोटारींतून कॅमेरा एकदम दमट हवेंत काढूं नये. भिंगावर दंव धरतें आणि नेमक्या वेळीं कांहींच दिसत नाहीं. घरीं आल्यावर मऊ कापडानें पुसून, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावा, नाहींतर दोन महिन्यांत भिंगाच्या आंत बुरशीचें जाळें धरतें. तांदळाच्या डब्यांत ठेवण्याचा उपाय पुष्कळ घरांतून करतात. तांदळाची भुकटी यंत्रांत जाते, तेव्हां तो न करावा हें बरें. तांदूळही खराब होतात.

घरट्यांचीं छायाचित्रें घेण्याचा हा छंद वाटतो तितका नवा नाहीं. इंग्लंडांत रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनीं १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवर सबंध छायाचित्रांनीं सजविलेलें पुस्तक काढलें. त्या काळच्या भिंगांना जवळ गेल्यावांचून गत्यंतर नव्हतें, म्हणून या बंधूंनीं लाकडी सांगाड्यावर कातडें चढवून पोकळ बैल तयार केला आणि त्याच्या पोटांत बसून पक्षी टिपले. एमा टर्नर नांवाच्या बाईंची हकीकत तर आमच्या भगिनींनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. नॉरफोकच्या दलदलींत त्या घरनावेंत राहत. बगळ्याच्या कुळांतील बिटर्न हा पक्षी इंग्लंडांत वीण करीनासा झाला असें समजलें जात असतां १९११ सालीं त्यांनीं त्याच्या पिलाचें छायाचित्र घेतलें, आणि तो परत आल्याचा पुरावा जगापुढें आला. छायाचित्रानें पक्ष्यावर उपकार होतात ते असे.

मात्र त्याच काळापासून एक वाईट खोडही चालत आली आहे. दृश्य मोकळें दिसावें म्हणून घरट्यासमोरच्या फांद्या तोडणें, पानें बाजूस सारणें! सावली गेली, आडोसा गेला, आणि छायाचित्र मात्र सुरेख आलें. आतां तर ड्रोन नांवाचें उडतें यंत्र घरट्याच्या डोक्यावर नेणारेही आहेत. पक्ष्याला ती घारच वाटत असली पाहिजे. आपल्याकडील १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंतच पक्ष्यांच्या अंड्यांची अथवा घरट्यांची मोडतोड करणें व त्यांना उपद्रव देणें यांचा समावेश केलेला आहे. व्याख्या करणाऱ्यास शब्दांचें मर्म कळत होतें, असें आम्हांस एक जुना शिक्षक म्हणून वाटतें. कित्येक छायाचित्र-स्पर्धांनींही घरट्यांचीं चित्रें घेणें अलीकडे बंद केलें आहे. नातवाच्या स्पर्धेचे नियम आम्हीं त्याला मोठ्यानें वाचावयास लावले, तेव्हां अकराव्या कलमांत तेंच निघालें. नियमावली शेवटपर्यंत वाचण्याची संवय या पिढीस नाहीं!

ज्यांना इतके दिवस बसण्यास सवड नाहीं, त्यांनीं भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत जावें. १९८५ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या या पाणथळींत, पाऊस पुरेसा झालेल्या वर्षीं, चित्रबलाक आणि बगळे बाभळींवर शेंकड्यांनीं घरटीं करतात. रस्ता जवळून जातो, पक्ष्यांना माणसांची संवय आहे, आणि रस्ता न सोडतां चित्रें मिळतात. मद्रासेकडील वेदांतंगल येथें पाऊस उशिरां, म्हणून वीणही उशिरां. तेथील गांवकरी पक्ष्यांसाठीं दिवाळींत फटाके वाजवीत नाहींत.

अशी माणसें आमच्या मुलुखांतही आहेत. महाराष्ट्रांत सारस पक्षी आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत आणि त्याच्या आसपास उरला आहे, तोही काहीं थोड्या डझनांनीं मोजावा इतकाच. वाल्मीकीच्या ज्या क्रौंचाच्या वधांतून पहिला श्लोक जन्मला, तो क्रौंच म्हणजे हाच, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. हा पुरुषभर उंचीचा पक्षी रोवणी झालेल्या बांधीच्या मधोमध धानाचीं ताटें आणि गवत ओढून मोठा ढीग रचतो. त्यावर बहुधा दोनच अंडीं. पाणी चढूं लागलें तर नरमादी आणखी गवत आणून ढीग उंच करतात. महिनाभर दोघेंही पाळीपाळीनें बसतात. शेतकऱ्याचें तेवढ्या जागेंतलें धान जातें, तरी कित्येक शेतकरी तो ढीग मोडीत नाहींत. उलट कुत्रीं आणि बघे यांना दूर ठेवण्यासाठीं स्वतः राखण करतात. अशा शेताच्या बांधावर मोटारी उभ्या करून आंत उतरणाऱ्या छायाचित्रकारांस काय म्हणावें? त्या शेतकऱ्यास धानाचें नुकसान सोसतें, मान सोसत नाहीं. एकानें आम्हांस विचारलें होतें, “गुरुजी, यायच्या घरीं बाळंतीण असली तं हे असेच खिडकीतून पायतात का?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

चौथ्या सकाळीं जोराची सर आली. तलावाचा पलीकडचा कांठ दिसेनासा झाला. कमळपक्ष्यानें पंख किंचित् सोडून अंडीं पुरतीं झांकलीं, मान आंत घेतली, आणि पाठीवरून पाणी निथळत असतां तो जागचा हालला नाहीं. लांब शेपटी ओली होऊन पानाला चिकटली होती. नातवानें हेंच चित्र घेतलें. त्यांत अंडें एकही दिसत नाहीं. राखाडी पाऊस, हिरवीं पानें आणि मधोमध चिंब भिजलेला बाप. ढिवरानें तें कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलें आणि पुष्कळ वेळ परत दिलें नाहीं.

भाद्रपदाच्या आरंभीं म्हाताऱ्याचा निरोप आला कीं, तीन पिलें पानांवरून पळतांना दिसलीं. चवथ्याचें काय झालें कळलें नाहीं. कमळपक्ष्याचीं पिलें अंड्यांतून निघाल्यावर लवकरच चालूं लागतात, आणि भीति वाटली कीं अंग पाण्यांत बुडवून चोंचीचें टोंक तेवढें वर ठेवतात, तेव्हां तें कोठें दडून बसलेलेंही असूं शकेल.

एक गोष्ट राहिली. हल्लींचे मोबाईल आणि कित्येक कॅमेरे चित्राबरोबर तें जेथें घेतलें त्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदून ठेवतात. आपण तें चित्र कौतुकानें चार जणांस पाठवावें, आणि आठ दिवसांनीं पाळीवर चाळीस जण उभे राहावे, असें घडूं शकतें. चित्र पाठविण्यापूर्वीं ही नोंद काढून टाकतां येते; नातवानें आमच्या समोर ती काढली. या लेखांत आमच्या तलावाचें नांव आलेलें नाहीं, तें याच कारणानें. कोणा वाचकानें पत्र पाठवून विचारल्यास आम्ही उत्तर अवश्य देऊं, पण त्यांत जिल्ह्यापलीकडे कांहीं असणार नाहीं.